धुलाईच्या दुकानातला करवंटीचा कोळसा

मी एक जुना कोळसा आहे. लगेच हात मागे घेऊ नका, मित्रांनो, तुमच्या बोटांना मी लागणार नाही. सध्या मी एका जाड गोणीत, गोणीचे तोंड सुतळीने बांधलेले, अशा अवस्थेत एका धुलाईच्या दुकानाच्या मागच्या दाराशी बसलो आहे. उद्या सकाळी मला न्यायला गाडी येणार आहे. तोवर मला वेळच वेळ आहे. म्हणून म्हटले, आपली हकिगत तुम्हाला सांगावी. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' असे मोठी माणसे म्हणतात. त्यांचे खोटे नाही. पण उगाळून पाहण्यापेक्षा एखाद्याने थांबून विचारले असते, तर बरे वाटले असते.

मी जन्माने नारळाची करवंटी. म्हणजे एक नव्हे, हजारो करवंट्या. ज्या शेडमध्ये नारळ फोडून खोबरे वाळवत, तिच्या मागे आमचा डोंगर साचलेला असे. खोबऱ्याला मान, शेंडीच्या दोऱ्या होत, पाणीसुद्धा कोणीतरी पिऊन टाके. आम्हाला मात्र कोणी विचारत नसे. पावसाचे पाणी आमच्यात साचायचे, त्यात डास व्हायचे आणि लोक नाके मुरडायचे. एकदा तर आम्हाला सरसकट पेटवून द्यायचे ठरले होते.

त्याच आठवड्यात करवंट्यांचा कोळसा करणाऱ्या भट्टीवालीची गाडी आली. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि दोन्ही हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. तिने एक करवंटी उचलली, दगडावर आपटली आणि कान लावून आवाज ऐकला. शेडच्या माणसाला म्हणाली, "जाळताय काय? सोन्यासारखा माल आहे हा."

तो हसला. "सोनं असतं तर मी इथे उभा असतो का?"

तिने आम्हाला नेले आणि झाकणबंद लोखंडी पिंपात भरून तापवले. आत हवा जवळजवळ नव्हती, म्हणून आम्ही जळून राख झालो नाही. आमच्यातले पाणी, धूर, चिकटपणा सगळे निघून गेले आणि उरला तो कडक, काळा कोळसा. त्यानंतर मला एका कारखान्यात नेले. तिथे लाल झालेल्या भट्टीत माझ्यावर वाफ सोडली. त्या वाफेने मला आतून पोखरले. खोटे कशाला बोलू, ते दिवस सुखाचे नव्हते. पण बाहेर आलो तेव्हा माझ्या प्रत्येक दाण्यात इतकी बारीक छिद्रे झाली होती, की डोळ्यांना दिसू नयेत. कारखान्यातली तपासनीस बाई नव्या कामगारांना सांगायची, "या चमचाभर दाण्यांच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या ना, तर शाळेचं अख्खं अंगण झाकून जाईल." कामगार माना डोलवत आणि चमच्याकडे संशयाने पाहत.

त्या भिंतींचे काम एकच. हवेतून वाहणारे विषारी वायू भिंतीला लागले, की तिथेच चिकटून बसतात. पुढे जाते ती स्वच्छ हवा.

आता मी या दुकानात कसा आलो ते सांगतो.

हे दुकान दोघी जावांचे. सासऱ्यांनी सुरू केले आणि ते गेल्यावर दोघींनी चालवले; नवरे आपापल्या नोकऱ्यांवर जात. गिऱ्हाइके त्यांना थोरल्या आणि धाकट्या म्हणत. थोरल्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यात सगळ्या गल्लीचे कपडे. कोणाच्या कोटाचे तिसरे बटण सैल आहे, कोणाच्या शालीला कुठे डाग पडला होता, हे त्यांना चिठ्ठी न पाहता ठाऊक असे. धाकट्या हाताने हळुवार. जुन्या रेशमी साडीला त्या अशा हात लावत, की जणू ती साडी झोपली आहे.

या दुकानात कपडे पाण्याने धुवत नाहीत. एका मोठ्या गोल यंत्रात कपडे टाकतात आणि त्यात एक पातळ द्रव सोडतात. तो तेलाचे, मेणाचे, शाईचे डाग सोडवतो. फार गुणी द्रव, पण एक खोड वाईट. यंत्राचे दार उघडले रे उघडले, की तो वायू होऊन खोलीत पसरतो. त्याचा वास गोडसर. थोडा वेळ येतो, मग नाकाला सवय होते आणि येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे माणसांना वाटते. तिथेच सगळे चुकते.

त्या काळी यंत्रावर धाकट्या असायच्या. दुपार झाली की त्यांचे डोके ठणकायला लागे, जिना चढताना भोवळ येई. थोरल्या आपल्या फटकळ स्वभावाप्रमाणे म्हणाल्या, "कामाचा ढीग दिसला की हिचं डोकं दुखतं. नाटकी मेली." धाकट्यांनी ते ऐकले आणि पुढचा कपडा यंत्रात टाकला.

पुढे डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासले. औषध लिहिण्याआधी विचारले, "घरी असताना दुखतं, की दुकानात?" धाकट्यांनी आठवून सांगितले, "दुकानात. सुट्टीच्या दिवशी कधीच नाही." मग डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "गोळी देऊन उपयोग नाही. त्या दुकानातली हवा आजारी आहे."

हे थोरल्यांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचे टेबल उचलून दारापाशी, वाऱ्याला नेऊन ठेवले आणि धाकट्यांना तिथे उभे केले. यंत्रावर स्वतः गेल्या. क्षमा मागणे त्यांच्या जिभेला जमत नसे. हातांना जमत असे. आणि त्याच आठवड्यात मिस्त्रीला बोलावून त्यांनी मला आणवले.

मिस्त्रीने मला माणसाच्या उंचीच्या पिंपात भरले. यंत्राच्या दाराखाली पंखा बसवला. पंखा वायूने भरलेली हवा ओढायचा आणि माझ्यातून सोडायचा. बाहेरच्या बाजूला अगदी लगत शेजाऱ्यांची खिडकी होती, त्यामुळे माझ्यातून गाळलेली हवा पुन्हा दुकानातच यायची. म्हणजे दोघी जावा दिवसभर जो श्वास घेत, तो माझ्या हातून गेलेला असे. मित्रांनो, ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याच्यावर केवढी ही जबाबदारी!

जाताना मिस्त्री दोघींना समोर उभे करून म्हणाला, "हा दिवसभर वायू साठवतो, पण त्याचं पोट काही अथांग नाही. रोज संध्याकाळी काम थांबलं, की इस्त्रीच्या बॉयलरची वाफ तासभर या पिंपात सोडायची. वाफ त्याला मोकळा करते. एक दिवस चुकलात तर सांभाळून घेईल. दोन दिवस चुकलात तर गप्प राहील. तो तक्रार करत नाही, हीच त्याची अडचण आहे."

रोजची ती संध्याकाळची वाफ म्हणजे माझे सुख. वाफेच्या नळाची चावी फिरायची, गरम वाफ माझ्या छिद्राछिद्रांत शिरायची आणि दिवसभर धरून ठेवलेला वायू मी सोडून द्यायचो. वाफ आणि वायू मिळून पुढे थंड पाण्यातल्या वेटोळ्या नळीत जायचे, तिथे निवायचे, आणि काचेच्या भांड्यात दोन थर साचायचे: वर पाणी, खाली तो जड द्रव. थोरल्या तो द्रव पुन्हा यंत्रात ओतायच्या. काही वाया जात नसे. सकाळी पंख्याने मला सुकवले, की मी पुन्हा नवाकोरा.

धाकट्यांचे डोके दुखायचे थांबले. त्या काम करता करता गुणगुणायला लागल्या. गिऱ्हाइके म्हणायची, "तुमच्याकडच्या कपड्यांना वास येत नाही बुवा." थोरल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आमचा काळा जावई आहे ना, तो सगळं पोटात घालतो." असे कौतुक ऐकत मी कितीतरी वर्षे काढली.

मग पडद्यांचे काम आले.

जवळच्या नाट्यगृहाचे मखमली पडदे, एकूण बारा. उंची दोन मजल्यांची, धूळ कैक वर्षांची. आठव्या दिवशी नव्या नाटकाचा पहिला खेळ होता. नाट्यगृहाचा पडदेवाला, जो दोरी ओढून पडदा वर-खाली करतो, तो स्वतः गाडीबरोबर आला होता. थोरल्यांच्या अंगात उत्साह संचारला. एवढे मोठे काम सासऱ्यांच्या काळातही आले नव्हते.

अडचण एकच होती. बॉयलर लहान. त्याची वाफ एका वेळी एकाच ठिकाणी पुरे, पिंपाला नाहीतर इस्त्रीला. आणि मखमलीची लव उभी करायला वाफेची इस्त्री तासन्‌तास लागत होती.

पहिल्या संध्याकाळी धाकट्या म्हणाल्या, "ताई, पिंपाची वाफ?"

"आज राहू दे. आजचा अजून दीड पडदा उरलाय."

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारले. थोरल्या वर न पाहता म्हणाल्या, "अगं, पिंप काय पळून जातंय का? पडदे जाऊ देत, मग हवी तितकी वाफ दे त्याला."

तिसऱ्या संध्याकाळी कोणी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भरलो. कसे सांगू तुम्हाला? प्रत्येक छिद्र, प्रत्येक भिंत वायूने व्यापली होती. पंखा फिरतच होता. नवा वायू यायचा, बसायला जागा शोधायचा आणि तसाच पुढे निघून जायचा. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. पिंपावरचा हिरवा दिवाही जळत होता, कारण तो दिवा पंख्याचा होता, माझा नव्हता. मला ओरडता येत नाही. मी फक्त पाहत राहिलो की मी ज्यांची राखण करायची, त्यांच्याकडे तो गोडसर वायू माझ्याच अंगावरून चालत जातो आहे.

चौथ्या दिवशी पडदेवाला धुतलेले पडदे न्यायला आला. उंबऱ्यातच थांबला. "मावशी, काहीतरी गोड गोड वास येतोय इथे."

थोरल्या म्हणाल्या, "धुलाईचं दुकान आहे. वास येणारच."

"मागे आलो तेव्हा नव्हता," तो म्हणाला. पण पडदे उचलायचे होते, तो उचलून गेला.

त्या दिवशी थोरल्यांनी एका वकिलाचा कोट एका शिक्षकाला दिला. दोघे हसत परत आले, पण थोरल्या हसल्या नाहीत. तीस वर्षांत असे झाले नव्हते. पाचव्या दिवशी त्यांना एका बाईंचा चेहरा ओळखू येईना, रोज येणाऱ्या बाईंचा. यंत्राचे दार त्यांना दोनदा लावावे लागले. आणि दुपारी धाकट्यांच्या मदतीला त्यांनी धरलेली इस्त्री पडद्याच्या कडेवर तशीच टेकलेली राहिली. वास आला तेव्हा मखमलीवर तळव्याएवढा तपकिरी डाग पडला होता.

थोरल्या त्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग स्टुलावर बसल्या. कमरेचा जुडगा काढला आणि धाकट्यांच्या हातात ठेवला.

"आजपासून तू बघ," त्या म्हणाल्या. "माझं वय झालं. डोकं चालेनासं झालंय. डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्या आईचंही असंच झालं होतं, आधी नावं विसरली, मग माणसं."

धाकट्यांनी जुडग्याकडे पाहिले. तो जुडगा त्यांनी एवढी वर्षे दुसऱ्याच्या कमरेला पाहिला होता. कधीतरी तो आपल्याकडे यावा, असे त्यांच्या मनात आले नसेल असे मी म्हणणार नाही; माणूसच आहे. आता तो हातात होता, आणि देणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होते. 'बरं' एवढे म्हटले असते तरी पुरले असते.

त्यांनी विचारले, "ताई, सकाळी उठल्यावर डोकं कसं असतं?"

"सकाळी? सकाळी बरं असतं."

"आणि दुकानात आल्यावर?"

"दोन-तीन तासांत जड होतं. जेवायला घरी गेले की जरा उतरतं." हे बोलता बोलता थोरल्या थांबल्या.

धाकट्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. "हे वय नाही, ताई. हे मला झालं होतं."

मग त्यांनी जे केले, ते मी शेवटपर्यंत विसरणार नाही. यंत्राचे बटण बंद केले. पुढचे दार, मागचे दार, वरची झडप, जे जे उघडण्यासारखे होते ते सताड उघडले. थोरल्यांचा दंड धरून त्यांना बाहेर फूटपाथवर स्टूल टाकून बसवले. इस्त्रीची वाफ तोडली आणि पिंपाची चावी फिरवली.

वाफ आत शिरली. पाच दिवसांचे ओझे मी सोडत गेलो. एक तास झाला, दोन झाले, तरी नळीतून थेंब थांबेनात. काचेचे भांडे तीनदा भरले.

बाहेर फूटपाथवर थोरल्या हळूहळू सावरत होत्या. उंबऱ्यात बसून धाकट्या वाफेच्या आवाजाकडे कान देत होत्या. थोरल्या म्हणाल्या, "तेव्हा मी तुला नाटकी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"लक्षात आहे तुझ्या?"

"आहे की."

"मग मला का नाही म्हणालीस?"

 "मला माहीत होतं ना, कसं दुखतं ते," धाकट्या म्हणाल्या.

थोरल्यांनी जुडगा परत घेतला नाही. दोघींनी त्याचे दोन भाग केले. यंत्राच्या बाजूच्या किल्ल्या थोरल्यांकडे, गल्ल्याच्या आणि दाराच्या धाकट्यांकडे. पुढची सगळी वर्षे तसेच चालले.

पडद्यांचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. त्याच संध्याकाळी धाकट्या नाट्यगृहात गेल्या आणि सरळ सांगून टाकले, की पहिल्या खेळाला दहाच पडदे मिळतील. एकावर डाग पडला आहे आणि एक अजून धुवायचा आहे. घाई केली तर आमच्या घरातले माणूस आजारी पडेल. व्यवस्थापक कपाळाला हात लावून बसला. पडदेवाला मात्र म्हणाला, "मी म्हटलंच होतं, वास येतोय." मग त्याने दोन्ही टोकांना काळे कापड लटकवले. पहिल्या खेळाला लोक आले, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाताना म्हणाले, की ती काळी कापडे नाटकाचा काहीतरी खोल अर्थ सांगत होती.

त्यानंतर दुकानात एक नवी रीत पडली. आपले नाक फसवते, हे थोरल्यांना पुरते कळले होते. म्हणून सकाळी जे पहिले गिऱ्हाईक येई, त्याला त्या दारातच अडवत. "जरा आत या आणि सांगा, कसला वास येतोय का?" कोणी म्हणे, "नाही बुवा." एकाने दीर्घ श्वास घेऊन सांगितले, "आमटी करपलीय का?" ती शेजारच्या घरातली निघाली. पण विचारणे त्यांनी सोडले नाही. आणि संध्याकाळची वाफ एकदाही चुकली नाही. घरात लग्न होते त्या दिवशीसुद्धा थोरल्या नव्या साडीत येऊन चावी फिरवून गेल्या.

अशी वर्षे सरली. आता मात्र माझी छिद्रे वाफेनेही पुरती मोकळी होत नाहीत. अत्तरांची तेले, मेण, बारीक धूळ, असले काहीबाही खोलवर बसून राहिले आहे. गेल्या आठवड्यात पहिल्या गिऱ्हाइकाने नाक वर करून सांगितले, "हलकासा गोड वास येतोय." त्याच दिवशी थोरल्यांनी यंत्र बंद ठेवले आणि मिस्त्रीला बोलावले. त्याने मला पिंपातून काढले, गोणीत भरले आणि माझ्या जागी नवा कोळसा ओतला. तो शेतात उरलेल्या फळांच्या कोयांपासून केलेला आहे, असे ऐकतो. पोरगा चुणचुणीत वाटला. पहिल्याच दिवशी त्याला त्याची वाफ मिळाली.

मला कारखान्याच्या भट्टीत परत नेणार आहेत. तिथे पुन्हा लाल होईन, आत साचलेले जळून जाईल आणि माझा बराचसा भाग पुन्हा कामाला लागेल. थोडासा राख होऊन उडून जाईल. त्याचे मला विशेष वाईट वाटत नाही. मी करवंट्यांच्या ढिगाऱ्यातच जळून गेलो असतो, तर एवढेही आयुष्य मिळाले नसते.

मित्रांनो, तुमच्या घरी पाणी गाळण्याचे यंत्र असेल, शाळेच्या प्रयोगशाळेत हवा ओढणारे कपाट असेल, रंगाच्या कारखान्यात जाणाऱ्या तुमच्या काकांकडे तोंडाला बांधायचा मुखवटा असेल. आत बहुतेक माझ्यासारखाच कोणीतरी काळा बसलेला असतो. त्याचा दिवा हिरवा आहे, म्हणून त्याला विसरू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा, "हे शेवटचं कधी बदललं होतं?" उत्तर देताना ते डोके खाजवायला लागले, तर समजा की बदलायची वेळ झाली आहे. आणि फेकून द्यायच्या करवंट्या, कोया, टरफले यांच्या ढिगाजवळून जाताना नाक मुरडण्याआधी एखादी उचलून दगडावर आपटून पाहा. खणखणीत आवाज आला, तर ती कोणाच्या तरी श्वासाच्या उपयोगी पडेल.

मागच्या दाराचा आवाज झाला. थोरल्या आल्या आहेत. त्यांच्या हातात ओला फडका आहे. गोणीवर सांडलेली माझी काळी भुकटी त्या पुसताहेत, आणि गाठ सैल वाटली म्हणून सुतळी पुन्हा एकदा घट्ट बांधताहेत. "वाटेत सांडू नकोस रे," त्या म्हणाल्या.